दुखणं कोणत्या गावचं?

माझी लेक चौदा महिन्यांची होती. कार्तिकातल्या एका रात्री तिच्या दोन्ही हातांची बोटं फुगून आली. हात लावला की किंचाळायची. घरात नवा कापूस येऊन पडला होता, बाहेर थंडी. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, शेजारच्या काकूंनी विंचवाचा डंख शोधला, सकाळी गावातल्या डॉक्टरनं सुई टोचली. सूज आपोआप उतरली आणि दीड महिन्यानं पायांवर आली. तीन दवाखाने झाले. एका ठिकाणी वाताचं औषध दिलं, एका ठिकाणी मलाच विचारलं, पोरीला पाडलं का म्हणून. शेवटी एका सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं तिची बोटं हातात धरून विचारलं, "ताई, तुमचं माहेर कुठलं?"

मी म्हटलं, भंडाऱ्याकडचं. त्यानं नवऱ्याचं गाव विचारलं, त्याच्या आईचं माहेर विचारलं आणि मग रक्त काढायला सांगितलं. त्याच्या प्रश्नाला अर्थ होता. माझ्याबद्दल विचारलं तसं त्यानं नवऱ्याबद्दलही विचारलं होतं. तोच प्रश्न पुढे मला घरात, लग्नाच्या मांडवात, शाळेच्या ओट्यावर आणि उपकेंद्राच्या दारात इतक्यांदा ऐकावा लागला, आणि इतक्या वेगळ्या अर्थानं, की आज त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

लेकीला सिकलसेल निघाला. सिकल म्हणजे विळा, आमच्याकडचा इळा. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि पुढचा भाग रक्तावाचून कळवळतो. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली, ताप आला की दुखणं उठतं. जन्मल्याबरोबर ते दिसत नाही, कारण पोटातल्या बाळाचं रक्त वेगळ्या प्रकारचं असतं आणि ते पहिले काही महिने बाळाला सांभाळतं. ते ओसरलं की बोटं सुजतात. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर वर्षभराचे हेलपाटे वाचले असते.

आणि हा आजार होण्यासाठी दोन्हीकडून यावं लागतं. आईकडून एक अंश, बापाकडून एक. एकच अंश असलेला माणूस तो वाहक. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. ज्या दिवशी लेकीचा अहवाल आला त्या दिवशी माझ्या नवऱ्याचाही अहवाल आलेलाच होता. त्यांच्या नावाचा कागद मात्र घरात यायला दोन वर्षं लागली, कारण तोवर त्यांनी रक्त दिलं नाही. "मले काय झालं? मी तं नांगर हाकतो," म्हणायचे. वाहकाला सहसा काहीच होत नाही, तो नांगरच हाकत असतो, हे त्यांना पटवायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत सासूबाईंचं एक वाक्य घरात रोज फिरत होतं: "आमच्या खानदानात कोनाले नाई हे. हे तुह्या झाडीतून आलं." झाडी म्हणजे झाडीपट्टी, माझ्या माहेरचा पूर्व विदर्भ.

सासूबाईंना मी दोष देत नाही. त्यांनीच लेकीला रात्र रात्र मांडीवर घेतलंय, तिच्या पायांना तेल चोळलंय. त्यांनी जे पाहिलं होतं त्यावरून त्यांनी हिशेब केला. घरात सगळं पिढ्यान्‌पिढ्या तसंच होतं. नवीन आलं होतं ते एक माणूस, मी. भाताच्या मुलखातून ज्वारीच्या मुलखात आलेली, बोलण्यात वेगळे हेल काढणारी, तलावातल्या मासळीची आठवण काढणारी. विदर्भाच्या बाहेरच्यांना विदर्भ एक वाटतो. आतल्या माणसाला विचारा. यवतमाळच्या घरात बारा वर्षं नांदल्यावरही मी 'झाडीची'च होते.

या आजाराच्या भाषेत माझ्यासारखीला 'वाहक' म्हणतात. एसटीतल्या कंडक्टरलाही आपण वाहकच म्हणतो. वाहक म्हणजे वाहून नेणारा. पण गावात तो शब्द बाईलाच चिकटतो, कारण पेटी घेऊन घरात शिरताना साऱ्यांनी तिलाच पाहिलेलं असतं. नवरा तर आधीपासून घरातच होता, त्यानं काय वाहून आणलं असणार? आपल्या देशाची जनगणना लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बाईला स्थलांतरित म्हणूनच मोजते, आणि बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न हेच निघतं. म्हणजे सरकारी हिशेबानंही मी स्थलांतरित आहे, माझी सासू आहे, तिची सासू होती. घरातली प्रत्येक आई बाहेरून आलेली, आणि तरी 'बाहेरची' हा शब्द दर पिढीत एकीला पुरतो.

माझी जात मी इथे लिहीत नाही, ते याच कारणानं. जात कळली की वाचणारा 'अच्छा, त्यांच्यातला आजार' म्हणून मोकळा होतो. विदर्भात हा आजार आदिवासींमध्ये आणि काही दलित, इतर मागास समाजांमध्ये जास्त आढळतो हे खरं आहे. पण त्याचं मूळ कोणाच्या रक्ताच्या हीनपणात नाही. १९५४ साली अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की सिकलसेलचा एकच अंश असलेल्या माणसाला जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळतं. जिथे जंगल, पाणी, डास आणि हिवताप, तिथे हा अंश टिकला, कारण त्यानं लेकरं वाचवली. गडचिरोलीत हिवताप अजूनही घर करून आहे. आमच्या झाडीच्या माणसांनी तो हिवताप पिढ्यान्‌पिढ्या अंगावर झेलला आणि त्यातून जगून निघाल्याची खूण रक्तात ठेवली. माझ्या लेकीला त्या खुणेचे दोन वाटे आले आणि ती दुखण्यात पडली. यात लाज वाटावी असं काय आहे, हे मला आजही कळलेलं नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट आहे. तपासणी झाली पाहिजे, शंभरदा झाली पाहिजे. याआधी याच आजारासाठी नागपुरात संपत रामटेके झटले. ते स्वतः सिकलसेल असलेल्या मुलाचे वडील होते, आणि त्यांना २०१८मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. सिकलसेलचा समावेश २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात झाला त्यामागे अशा पालकांचा कित्येक वर्षांचा आग्रह आहे. मोहिमेला माझा विरोध नाही. माझं दुखणं आहे ते मोहीम गावात उतरताना तिचं जे होतं त्याच्याबद्दल.

गावात उतरल्यावर तिचा एकच सल्ला उरतो: लग्नाआधी कार्ड, म्हणजे तपासणीचा निकाल लिहिलेलं सिकलसेलचं कार्ड, जुळवा. सल्ला शास्त्राला धरून आहे. दोन वाहकांनी विचार करून निर्णय घ्यावा, यात चूक नाही. पण आमच्याकडे लग्न कसं जुळतं ते पाहा. मुलीला पाहायला येतात. मुलीला उभं करतात, चालवतात, शिक्षण विचारतात, आणि आता कार्ड मागतात. मुलाचं कार्ड मागणारा मुलीचा बाप मी अजून पाहिला नाही. मागितलं तर पाहुणे उठून जातील ही भीती त्याला असते. म्हणजे जी तपासणी दोघांची व्हायची ती मुलीची होते, आणि जी मुलगी वाहक निघते ती गावच्या बोलण्यात 'बिमार' होते. आमच्या पंचक्रोशीत एका मुलीचं कार्ड आईनं चुलीत घातलं. वाहक म्हणजे आजारी नव्हे हे त्या आईला ठाऊक होतं. पाहुण्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून कार्ड जाळलं.

माझी लेक आता नववीत आहे. शाळेत या विषयावर भाषण झालं तेव्हा ती घरी येऊन म्हणाली, "आई, निर्मूलन म्हणजे माझ्यासारखी मुलं पुन्हा होऊच नयेत, असंच ना?" तिला काय उत्तर द्यावं ते मला आजवर नीट सुचलेलं नाही. पण या प्रश्नापासून मला एवढं कळलं की पुढच्या पिढीत आजार येऊ नये याची जितकी बोलणी होतात, तितकी आज जिवंत असलेल्या पोरांच्या उपचाराची होत नाहीत. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीनं दुखण्याची आवर्तनं कमी होतात. ती घेताना रक्त वेळोवेळी तपासावं लागतं, म्हणून कुणाला वर्षाच्या गोळ्या एकदम देऊन चालत नाही. साधी गोष्ट आहे, पण या एका गोष्टीनं घर सोडून फिरणाऱ्या प्रत्येक आईची वाट अडते. ती आई मी आमच्याच शेतात पाहिली.

दसऱ्यानंतर आमच्याकडे कापूस वेचायला मेळघाटातून कोरकू आदिवासी माणसं येतात. मुकादम गाडी भरून आणतो, शेतातल्या कोठ्यात त्यांची चूल पेटते. होळीला मात्र ती कशीही परत जातात, कोरकूंची होळी गावाबाहेर होत नाही. एका वर्षी हंगाम सरत आल्यावर धारणी तालुक्यातली एक बाई आली होती. सहावा महिना, पाठीला तीन वर्षांचं पोरगं. वेचणी किलोवर असते. बायका कमरेला ओटी बांधून वेचतात, ओटी भरली की गंजीवर रिकामी करायची. पोटुशी बाईच्या पोटासमोर ती कापसाची ओटी पाहून मला सातव्या महिन्यात माझी भरलेली ओटी आठवली. दुपारून ती बांधावर बसायची. पाय सुजलेले, डोळे पांढरे. पोरगं रात्री रडायचं, हातपाय दुखतात म्हणून. ते रडणं मी ओळखत होते.

मी तिला उपकेंद्रात घेऊन गेले. नर्सबाईनं पहिला प्रश्न विचारला, "कुठली?"

"धारणी के पास," ती म्हणाली.

"कार्ड?"

"घर पे है, दीदी."

माता बाल संरक्षण कार्ड घरी, आधार मुकादमाकडे, नवऱ्याचा फोन रिचार्जवाचून बंद. ओटीपी यायचा कुठे? नर्सबाईनं रक्तदाब पाहिला, हातात लोहाच्या थोड्या गोळ्या ठेवल्या आणि म्हणाली, नोंद करता येणार नाही. पोराच्या रक्ताची तपासणी शिबिर लागेल तेव्हा. शिबिर कधी, ते तिलाही माहीत नव्हतं.

मी चिडले. पण नंतर नर्सबाई माझ्याशी शांतपणे बोलली, आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं. सपाट भागात पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र. लोकसंख्या मोजायची कशावरून, तर शेवटची जनगणना २०११ची. त्यात हंगामात येणारी माणसं नाहीत. गोळ्या येतात त्या गावच्या नोंदीवर. ती म्हणाली, ज्या बाईची पहिली तपासणी मी केली नाही, जी उद्या मुकादम म्हणेल तिथे निघून जाईल, तिला माझ्या यादीत घेतलं आणि रस्त्यात काही झालं तर विचारणा मला. "ताई, मी माणूस म्हणून तिला पाहिलं, पण माझी ती नाही," असं म्हणाली.

'माझी ती नाही.' सासूबाईंनी 'आमच्या खानदानात नाई' म्हटलं होतं, त्याला हेच वाक्य जाऊन मिळतं. एका ठिकाणी आजार बाहेरून आलेला, दुसऱ्या ठिकाणी आजारी बाई बाहेरून आलेली. दोन्हीकडे आधी गाव ठरवायचं आणि मग दुखणं कोणाचं ते. मला म्हणायचं आहे ते इतकंच: दुखणं जिथे उठलं, त्या गावचं ते. आई ज्या दिवशी ज्या गावाच्या शिवारात आहे, त्या दिवशी ती त्या गावची आहे. तिची नोंद, तिचा आहार, तिच्या लेकराची गोळी आणि रक्ततपासणी, हे सगळं त्या गावाच्या उपकेंद्राचं आणि अंगणवाडीचं काम आहे. मागची नोंद सापडो वा न सापडो.

हे काही मोठं स्वप्न नाही. आदिवासी भागात २०१५पासून अमृत आहार योजना आहे. शेवटच्या तिमाहीपासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आईला रोज एक वेळचं गरम जेवण. ही बाई तिच्या गावी राहिली असती तर महिन्याभरात त्या पंगतीत बसली असती. परतवाड्याकडचा घाट उतरली आणि तो हक्क घाटावरच राहिला. रेशनचं तसं नाही. 'एक देश, एक रेशनकार्ड'मुळे धान्य आता देशात कुठल्याही रास्त भाव दुकानातून उचलता येतं. गहू-तांदूळ माणसामागे जाऊ शकतो, मग पोटातल्या बाळाचा घास का जाऊ नये? राज्याच्या महिला व बालविकास विभागानं स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकीय प्रणाली सुरू केली, आणि तिच्या पहिल्या जिल्ह्यांत अमरावती, चंद्रपूर, गडचिरोली होते. चांगलंच झालं. पण माग ठेवणं म्हणजे ती कुठे गेली ते पाहणं. ती जिथे पोचली तिथल्या माणसाला गोळ्या, मनुष्यबळ आणि अभय देणं हे त्याच्या पुढचं काम आहे. हंगामात वाढलेल्या डोक्यांप्रमाणे पुरवठा वाढवा. आणि बाहेरच्या बाईला यादीत घेतल्याबद्दल नर्सबाईला शाबासकी मिळू द्या, नोटीस नको.

कायद्याकडे पाहावं तर २०१७च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. ती आस्थापनेत नोकरी करणाऱ्या बाईला. कापसाच्या वावराला कुणी आस्थापना म्हणत नाही. १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. धारणीहून यवतमाळला येताना तशी कोणतीच सीमा लागत नाही.

आणि आता आम्हा शेतकऱ्यांबद्दल, कारण ते टाळून हा लेख प्रामाणिक राहणार नाही. विदर्भाच्या शेतकऱ्याचं दुःख मी कमी लेखत नाही, त्याच घरात राहते. भाव पडतो, बोंडअळी येते, कर्ज राहतं, हे सगळं खरं. पण आमच्या कापसाला ज्या बाईचे हात लागतात तिच्या बाळंतपणाबद्दल आम्ही कधी एक शब्द बोललोय? मजुरांची गाडी येते तेव्हा आम्ही मुकादमाशी दर ठरवतो, कोठा झाडून देतो, सरपण दाखवतो. त्याच दिवशी आशाताईला सांगायला काय लागतं, की आमच्या वावरात तीन पोटुश्या बाया आल्यात आणि पाच लहान लेकरं आहेत? एक फोन लागतो. मीही तो बारा वर्षं केला नव्हता. लेकीला रात्री दुखायला लागलं की मी तिला पाणी पाजते, पांघरूण घालते, गाडी काढायला लावते. कोठ्यातली आई पोराला काय पाजत होती ते मी पाहायला गेले नव्हते. सिकलसेलच्या लेकराला पाणी हे अर्धं औषध असतं. आमच्या कोठ्याजवळची विहीर माघातच आटते.

अशा बायका तक्रार करत नाहीत, म्हणून गरज नाही, असंही सांगतात. याचं उत्तर गडचिरोलीनं फार पूर्वी दिलंय. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायकांची तपासणी करून १९८९मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. ज्यांनी कुठलीच तक्रार सांगितली नव्हती अशाही बायका त्यात आजारी निघाल्या. स्वतःच्या गावात, स्वतःच्या भाषेत बोलणारी बाई जिथे अंगावर काढते, तिथे कोरकू बोलणारी, परक्या शिवारातली बाई मराठीत काय तक्रार करणार? तिला शब्द विचारून, तिच्या भाषेत विचारून घ्यावे लागतात. धारणी-चिखलदऱ्यातून माणसं येतात त्या हंगामात त्यांच्यातल्याच एका शिकलेल्या बाईला मानधन देऊन चार गावांत फिरवलं, तर कोणत्याही ॲपपेक्षा जास्त कळेल असं मला वाटतं.

कार्ड जुळवण्याबद्दलही माझं म्हणणं त्याच सुरात आहे. दोघांचे अहवाल एकाच दिवशी, एकाच खोलीत, एकाच समुपदेशकानं द्यावेत. मुलीचं कार्ड पाहुण्यांच्या हातात जाऊ नये. शाळेत मुलींना बोलावून जितकं सांगतात तितकंच मुलांना सांगावं, आणि सुरुवात त्यांच्यापासून करावी. कॉलेजात असताना माझ्या नवऱ्याचं रक्त कुणी तपासलं असतं तर माझ्या घरातली ती दोन वर्षं वेगळी गेली असती. अहवाल हातात आला त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी लेकीला खांद्यावर घेऊन आईजवळ गेले आणि म्हणाले, "माय, हे माह्याकडूनबी आलं." सासूबाई बऱ्याच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी स्वतःच्या माहेरची, लहानपणी 'हाडं दुखून' गेलेल्या एका भावाची गोष्ट सांगितली. ती गोष्ट त्या घरात पन्नास वर्षं कुणी सांगितली नव्हती.

ती धारणीकडची बाई होळीच्या आठ दिवस आधी गेली. पोराचं रक्त मी स्वखर्चानं तपासून घेतलं, त्याला सिकलसेलच निघाला. अहवालाच्या दोन झेरॉक्स काढून एक तिच्या लुगड्याच्या गाठीत बांधून दिली. तिच्या बाळंतपणाचं काय झालं ते मुकादमाला विचारलं. त्याला आठवत नव्हतं.

गेल्या वर्षी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी ठराव मांडला: हंगामात गावाच्या शिवारात राहणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईची आणि सहा वर्षांखालच्या लेकराची नोंद गाडी उतरल्यापासून तीन दिवसांत व्हावी, नोंद देण्याची जबाबदारी ज्याच्या वावरात ते राहतात त्याची, आणि शिवारातल्या कोठ्यांना पाण्याचा टँकर मिळावा. ठराव लिहून घेतला नाही. ती माणसं इथली मतदार नाहीत, असं सांगण्यात आलं. मी विचारलं, मग लग्न होऊन आलेल्या आम्ही मतदार झालो त्याआधी सहा-सहा महिने कुठल्या होतो? त्यावर चार बायका मागच्या रांगेत उठून उभ्या राहिल्या, त्यात सासूबाई होत्या.

पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला आहे. पहिली वेचणी दसऱ्याच्या आगेमागे सुरू होते. अर्जावर आता एकतीस बायकांच्या सह्या आणि अंगठे आहेत.